तारांबळ कुणाची, भंबेरी कुणाची

आषाढ लागता लागता तुकोबांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागते. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावे मागे टाकत शेळगाव फाट्यावर येते आणि पुढे गोतंडी, निमगाव केतकीकडे निघते. नेमका त्या वेळी फाट्यावर पाऊस कोसळला, की पाहण्यासारखा देखावा होतो. चहाच्या टपरीवाल्याची धांदल उडते. एका हाताने शेगडी झाकायची आणि दुसऱ्याने सुटे पैसे मोजायचे. भाकरीच्या दुरड्या घेऊन आलेल्या बायकांची तारांबळ उडते. पाण्याचे टँकर, दिंड्यांचे ट्रक आणि माणसे एकाच वेळी वळवणाऱ्या पोलिसाची त्रेधातिरपीट होते. दिंडीपासून चुकलेली म्हातारी भांबावते. तिला शोधणारा नातू बावचळतो. माइकवर नावे पुकारणारा गांगरतो आणि एकाच दिंडीचे नाव तीनदा घेतो.

पाऊस एक, जागा एक, वेळ जेमतेम दहा मिनिटांची; शब्द मात्र सहा. आणि एकाचा दुसऱ्याला लावून भागत नाही. म्हातारीची तारांबळ उडाली म्हटले, तर ती काहीतरी आवरत होती असे वाटते. टपरीवाला भांबावला म्हटले, तर त्याला आपली टपरी सापडेना असा अर्थ निघतो. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र मात्र या सगळ्यांना एकाच मथळ्यात कोंबते: अचानक पावसाने वारकऱ्यांची तारांबळ. मराठी बातमीदारीत अवकाळी पाऊस आणि तारांबळ यांचे लग्न कधीच लागून गेले आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘फ्लस्टर’ हा शब्द अडतो, तो इथेच. द्विभाषिक कोश उघडला की समोर येते ‘गोंधळणे, घाबरणे’. अर्थ चूक नाही, पण गोंधळलेला माणूस घाबरलेला असेलच असे नाही, आणि घाबरलेला माणूस कधीकधी अगदी सरळ विचार करतो. फ्लस्टरमध्ये दोन्ही एकदम असते: हात घाईत, डोके जागीच थांबलेले, आणि चार माणसे आपल्याकडे बघताहेत याची लाज वरून. या तिढ्यासाठी मराठीत शब्द नाही, असे म्हणणाऱ्याने फाट्यावर दहा मिनिटे उभे राहावे. शब्द फार आहेत, अडचण निवडीची आहे.

इंग्रजी शब्दांचा इतिहासही मजेशीर आहे. फ्लस्टर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त भेटतो, पण तिथे त्याचा अर्थ पेले रिचवून झिंग चढवणे असा आहे. त्याचे नाते आइसलँडच्या भाषेतल्या घाईगर्दीच्या शब्दाशी असावे, असे कोशकार मानतात. म्हणजे आधी घाई, मग झिंग, मग आजची घाबरी गडबड. ‘डिदर’ हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. मुळात थंडीने किंवा भीतीने थरथरणे, आणि पुढे काय करावे ते न सुचून चालढकल करणे. ‘टिझी’ अमेरिकेत १९३० च्या दशकात उगवला. त्याआधी इंग्लंडात टिझी म्हणजे सहा पेन्सचे नाणे होते, पण नाण्याचा आणि आजच्या घाबऱ्या गडबडीच्या अर्थाचा संबंध कुणाला लावता आलेला नाही. ‘डिसकॉम्बॉब्युलेट’, म्हणजे गोंधळवून टाकणे, हे तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकनांनी गमतीने बनवलेले खोटे लॅटिन. त्याची शेपूट अजून लांबते आहे. मिलवॉकीच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी झाल्यावर पट्टा, पाकीट परत जागच्या जागी घालायला एक कोपरा आहे, आणि २००८ मध्ये तिथे पाटी लागली ती ‘रिकॉम्बॉब्युलेशन एरिया’ अशी. विस्कटलेल्या माणसाने पुन्हा जुळून घ्यायची जागा! स्वारगेटच्या स्थानकावर अशी पाटी लावायची तर मराठीत काय लिहावे, हा चांगला विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

फ्लस्टर काय किंवा डिदर काय, मुळाशी माणसाचे शरीर आहे: झिंगणारे, थरथरणारे. मराठी या बाबतीत वेगळ्या वाटेने गेली. तिने माणसाकडे पाहण्याआधी प्रसंगाकडे पाहिले. कुणाच्या लग्नात, कुणाच्या छपरावर, कोणत्या बाजारात, कोणत्या पारावर ही घाबरगुंडी उडाली, ते तिने शब्दात बांधून ठेवले.

तारांबळ घ्या. ती आली थेट लग्नमंडपातून, असे जाणकार सांगतात. वधूवरांच्या जन्मनक्षत्रांवरून मुहूर्ताला ताऱ्याचे बळ किती आणि चंद्राचे किती, हे पाहण्याची रीत होती. मंगलाष्टके संपत आली, की शेवटच्या श्लोकात भटजी ‘ताराबलं चंद्रबलं’ असे उंच आवाजात म्हणतात. ते कानावर पडले, की अंतरपाट दूर व्हायला काही क्षणच उरले, हे सगळ्या मंडपाला कळते. मग जे होते, त्याचे नाव तारांबळ.

हा क्षण आजही जसाच्या तसा पाहायला मिळतो. पूर्वी लग्नघटिका मोजायला घटिकापात्र असे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. आता वाटीच्या जागी भिंतीवरचे घड्याळ आणि पुढाऱ्यांची गाडी आली आहे. बरेचदा मुहूर्तच गाडीची वाट पाहतो. पण एकदा मंगलाष्टके सुरू झाली, की इंदापूर तालुक्यातला मंडप आणि दीडशे वर्षांपूर्वीचा मंडप यांत फरक उरत नाही. नवरीच्या मागे उभा राहायचा मामा जेवणाच्या पंगतीची व्यवस्था पाहत असतो. “मामाला हाक मारा!” हार कुणीतरी उन्हाने सुकू नयेत म्हणून सावलीत ठेवलेले असतात, आणि ती सावली कोणती ते ठेवणाऱ्यालाच आठवत नाही. अक्षतांचे ताट पुढच्या चार रांगांतच रिकामे होते. वाजंत्रीवाला एक श्लोक आधीच ताशा बडवतो, आणि दहा हात त्याला थांबवायला वर होतात. भटजींचा आवाज चढत जातो. या सगळ्यात कुणी दुःखी नसते, कुणाला धोका नसतो. फक्त वेळ संपत आलेली असते आणि हात अपुरे असतात. तारांबळीचा नेमका अर्थ हाच आहे, म्हणून ती पावसाला शोभते आणि अपघाताला शोभत नाही. गंमत अशी, की याच गर्दीत भटजी पुन्हा पुन्हा ‘सावधान’ बजावत असतात. तो शब्द मनावर घेऊन मांडवातून पळाले, ते एकटे रामदास, अशी दंतकथा आहे.

त्रेधा वेगळ्या घराण्यातली. संस्कृतात त्रेधा म्हणजे तीन प्रकारे, तीन ठिकाणी. एकाच माणसाला तीन दिशांनी ओढले, की त्याची त्रेधा. फाट्यावरच्या पोलिसाला ती बसते, कारण त्याच्यापुढे खरोखरच तीन गोष्टी असतात. पुढची तिरपीट म्हणताना बोलणाऱ्याची जीभही अडखळते, आणि शब्दाचे निम्मे काम तिथेच होते. भंबेरीत गरगर आहे. हिंदीत भंभीरी म्हणजे भुणभुण करत फिरणारी फिरकी. मराठी भंबेरी तिचीच बहीण असावी. भंबेरी उडते ती बहुधा दुसऱ्या कुणीतरी उडवलेली असते. तोंडी परीक्षेत मास्तर उडवतात, उलटतपासणीत वकील उडवतो, क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाज उडवतो. तारांबळ मात्र कुणी उडवत नाही. ती आपली आपण उडते.

हे ‘उडणे’ लक्षात घेण्यासारखे आहे. तारांबळ उडते, भंबेरी उडते, धांदल उडते, गाळण उडते, घाबरगुंडी उडते. इंग्रजीत माणूस स्वतः गोंधळलेला असतो, तो वाक्याचा कर्ता असतो. मराठीत कर्ता गोंधळच. माणूस बिचारा ‘त्याची’, ‘तिची’ एवढ्यापुरता षष्ठीत उरतो, जणू कोंबडीने पंख फडफडवून उडावे तशी त्याची तारांबळ त्याच्या हातून उडून गेली आणि तो बघत राहिला. दुसरी गंमत लिंगाची. तारांबळ, भंबेरी, त्रेधा, धांदल, गाळण, घाबरगुंडी, पंचाईत, घालमेल, एवढेच काय बोबडीसुद्धा, ही सगळी स्त्रीलिंगी कुळे. गोंधळ आणि घोळ हे दोनच दादले त्यांच्यात दिसतात. कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरे जेव्हा ‘माझी तर तंतरली’, ‘त्याची टरकली’ म्हणतात, तेव्हा काय तंतरली आणि काय टरकली, ते नाम कुठेच नसते. ते गळून गेले तरी ‘ली’ राहिली. व्याकरण न शिकलेल्या पोरांनी शेकडो वर्षांची चाल बिनचूक पाळली आहे.

गोंधळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि जराशी बाचाबाचीची. लग्न झाले, की शेळगावच काय, सबंध पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरी देवीचा गोंधळ घालतात. चौक मांडतात, दिवटी पेटवतात; संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीत गोंधळी एकेका दैवताला बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांनी गोंधळाला यावे अशी हाक असते. संबळ रात्रभर घुमतो. त्या कल्लोळावरूनच गोंधळ म्हणजे गडबड हा अर्थ निघाला, असे कुणीही सहज म्हणेल. पण कन्नडमध्येही ‘गोंदल’ म्हणजे गडबडगोंधळच, आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याची नोंद आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तही ते नृत्य येते. तेव्हा शब्द आधी कल्लोळाचा होता आणि मग विधीचा झाला, की विधीवरून कल्लोळाला नाव मिळाले, यावर भांडायला जागा आहे. इंदापूरकडून सोलापूर आणि तिथून कर्नाटकाची हद्द, हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा ऐकत आला आहे, हे ध्यानात घेतले तर शब्द या सीमेवर फिरत राहिला, यात नवल नाही. एक गोष्ट मात्र गोंधळी स्वतः सांगेल: देवीचा गोंधळ हा अतिशय शिस्तीचा प्रकार आहे. आवाहन कुणाचे आधी, कथा केव्हा, आरती केव्हा, सगळे ठरलेले. नाव गोंधळ, आणि गोंधळ तेवढा नाही.

आता बाजार. ‘पाचावर धारण बसली’ असे आपण सहज म्हणतो, आणि ती कशाची धारण, असे विचारले की बहुतेकांची तीच बसते. धारण म्हणजे धान्याचा दर. पूर्वी दर सांगायची रीत उलटी होती. आज किलोला इतके रुपये म्हणतात. तेव्हा रुपयाला इतके शेर म्हणत. आकडा जितका लहान, तितकी महागाई मोठी. रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागले, म्हणजे धारण पाचावर आली; घरोघर चुलीची चिंता सुरू. या वाक्प्रचारामागे हेच चित्र असल्याचे सांगतात. पर्जन्यछायेतल्या इंदापूर-बारामतीच्या माळांना ते समजावून सांगावे लागत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला, तो इथेही कोसळला. आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो खाल्लेली माणसे अजून गावोगाव आहेत. आता दर सांगायची रीत उलटली, तसे वाक्प्रचाराचे भयही उलटले. कांदा किलोला पाच रुपयांवर आला, की धास्ती घेणाऱ्याच्या नव्हे, पिकवणाऱ्याच्या पोटात उठते. तेव्हा वर्तमानपत्र आणखी एक जुना शब्द बाहेर काढते: शेतकरी हवालदिल.

या हवालदिलाचा हवालदाराशी काही संबंध नाही. अरबीतला ‘हौल’ म्हणजे धसका आणि फारसीतला ‘दिल’ म्हणजे काळीज. धसका घेतलेले काळीज. शब्द मुळात धडधडणाऱ्या छातीचा. मराठीत येऊन तो खचलेल्या मनाचा झाला. त्याचा सोबती हैराण. अरबीत हैरान म्हणजे चक्रावलेला, काय करावे ते न सुचणारा. म्हणजे अर्थाने फ्लस्टरच्या अगदी शेजारचा. मराठीने त्याला इतके राबवले, की तो दमला. आता ‘उन्हाने हैराण झालो’ म्हणताना चक्रावल्याची छटाही उरत नाही, उरतो नुसता थकवा. संस्कृत संभ्रमाची कहाणी याहून करुण आहे. संस्कृतात संभ्रम म्हणजे घाई, धावपळ, उडालेली धांदल. अगदी आदराने केलेली लगबगसुद्धा. नाटकांत पात्र गडबडून बोलू लागले, की कंसात रंगसूचना येते, ‘ससंभ्रमम्’. फ्लस्टरला याहून जवळचा शब्द सापडणे कठीण. पण तो आज शासकीय परिपत्रकांच्या बातम्यांत ‘संभ्रमाचे वातावरण’ होऊन बसला आहे, आणि त्या वातावरणात कुणीही धावत नाही.

पंचायतीचेही असेच. पाच जणांनी बसून निवाडा करायचा, ती पंचायत. ती आपल्या दारात आली म्हणजे काहीतरी अडले, कुणीतरी अडकले. त्यावरून ‘मोठी पंचाईत झाली’. उच्चारात एक अक्षर काय बदलले, अर्थ बदलला. गावातली ग्रामपंचायत आणि घरातली पंचाईत हे दोन शब्द एकाच घरातले, हे रोज दोन्ही वापरणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. पंचाईतीत घाई नसते, भीती नसते. असते ती लाज आणि कोंडी. सोयरे दारात आले आणि गॅस संपला, ही पंचाईत. तेच सोयरे निरोप न देता आठ जण आले, तर तारांबळ.

छपराची गोष्ट या भागातल्या माणसाने सांगायची. ‘धाबे दणाणले’ हा मथळा आठवड्यातून दोनदा तरी छापून येतो, बहुधा अवैध धंदेवाल्यांचे. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणपासून इंदापूरपर्यंत उजनीच्या माशांचे ढाबे ओळीने लागतात. त्यामुळे नव्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलिसांच्या छाप्याने हादरलेला हॉटेलवाला येतो. काही वार्ताहरांनाही तोच दिसत असावा. पण हे धाबे वेगळे. लाकडी कड्या आणि पाटांवर माती पसरून केलेले सपाट छप्पर, ते धाबे. सोलापूरकडे आणि इंदापुरातही त्याला माळवद म्हणतात. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची, चोपायची. असल्या घरात खाली झोपलेल्या माणसाला वर कुणी पळाले, तर सबंध छप्पर घुमताना ऐकू येते. मध्यरात्री धाबे दणाणले, म्हणजे वर कुणीतरी आहे, आणि ते कोण, हे दिसत नाही. भीती आणि गोंधळ एकाच आवाजात. सिमेंटच्या स्लॅबने आवाज गिळला, माळवदे एकेक करून खाली आली, पण शब्द मात्र वर राहिला.

शरीराचे शब्द मराठीतही आहेत, नाहीत असे नाही. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, बोबडी वळते, तोंडातून ततपप निघते. यातला सगळ्यात चमत्कारिक शब्द गर्भगळीत. गर्भ गळून पडावा इतके भय. आणि तो बेधडक लावतात मिशीवाल्या सरदारांना, पहिलवानांना, पुढाऱ्यांना. शब्द झिजला, की त्याला लिंगाचेही भान राहत नाही.

मग पाण्याचे शब्द. बुचकळणे म्हणजे पाण्यात बुडवून काढणे. कपडा बुचकळतात, लोकर बुचकळतात. बुचकळ्यात पडलेला माणूस क्षणभर पाण्याखाली गेलेला असतो; दिसत नाही, ऐकू येत नाही, श्वास अडतो, पण तो वर येणार हे ठरलेले असते. म्हणून बुचकळ्यात पडणे हे सौम्य आहे. गटांगळ्या खाणे सौम्य नाही. ज्यांची मुले उन्हाळ्यात कालव्यात पोहायला पडतात, त्यांना हा फरक कोशात पाहावा लागत नाही. ‘कन्फ्यूज’ या इंग्रजी शब्दाच्या तळाशीही पाणीच आहे: लॅटिनमध्ये एकत्र ओतणे. मराठी त्याला केव्हाच घोळ म्हणून बसली आहे. घोळणे म्हणजे घुसळून, ढवळून एक करणे. घालमेल तीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढले.

‘बिविल्डर’ हा दुसरा इंग्रजी शब्द असाच ओळखीचा निघतो. त्यात रान आहे. रानात वाट चुकलेल्या माणसाची अवस्था. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला, दारे धरायला गेलेला शेतकरी उसाच्या दोन फडांमधून तासभर फिरून त्याच बांधावर परत येतो, तेव्हा गावात म्हणतात, चकवा लागला. चकवा हा शब्द भुताच्या अंगाने बोलतात. मग उपायही त्याच अंगाचे येतात: जागीच बसून राहायचे, पहाट होऊ द्यायची. भूत असो वा नसो, सल्ला उत्तम आहे. गांगरलेल्या माणसाने चालत राहणे हीच खरी चूक असते.

आणि ‘पॅनिक’. तो पॅन या ग्रीक देवाचा. मेंढपाळांचा हा देव. अर्धा माणूस, कमरेखाली बोकडाचे पाय. शांत दुपारी कळप काही कारण नसताना एकदम उधळतो, ते पॅनचे काम, अशी तिकडची समजूत. पुढे सैन्येही अशी उधळू लागली. इसवीसनपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत पॅनने आपल्याला मदत केली, असे अथेन्सकरांनी मानले. शेळगावच्या नावात शेळी ऐकू येते, म्हणून बोकडपायाच्या देवाचे नाते इथे जोडायला जाऊ नये. पण कळप उधळणे म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या धनगरवाड्यांना ग्रीसकडून शिकण्याची गरज नाही. त्यांच्याकडे शब्द आहे बुजणे. जनावर बुजते, मग उधळते. पाखरांना बुजवायला शेतात उभे करतात ते बुजगावणे. आणि माणसांत मिसळायला बुजतो तो बुजरा. इंग्रजी पॅनिकमध्ये देव आहे. मराठी बुजण्यात बैल, मेंढरू आणि लाजाळू पोरगा एका ओळीत आहेत. त्याच मेंढ्या पालखीच्या वाटेवर काटेवाडीत निराळे रूप दाखवतात. हजारोंच्या गर्दीत, टाळमृदंगाच्या कल्लोळात मेंढ्यांचा कळप पालखीभोवती गोल रिंगण घालून पळतो. सगळे काही बुजण्यासारखे असते, आणि एकही बुजत नाही. पुढे मेंढका पळतो, मेंढ्या त्याच्या मागे. भोवतीची माणसे मात्र मोबाइल उंच धरून एकमेकांच्या पायांवर पाय देतात.

हे शब्द टिकले, त्यात कोशकारांचा हात आहे. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. असल्या एकेका शब्दापुढे त्याला तीन-तीन, चार-चार इंग्रजी शब्दांची रांग लावावी लागे, आणि तरी काहीतरी निसटे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात निघाला. मग १९४२ पासून त्यांनी वाक्संप्रदायांचा वेगळा कोश काढला, कारण पाचावरची धारण आणि दणाणणारे धाबे एकेकट्या शब्दाच्या कप्प्यात मावत नव्हते. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा. शब्द कोशात गेला, की मेला असे म्हणायची पद्धत आहे. तारांबळीने तरी ते खोटे पाडले आहे. त्रेधा मात्र हळूहळू छापील मराठीतच उरते आहे, आणि संभ्रम तर मंत्रालयात.

आता सगळ्यांना पुरून उरणारा शब्द आला आहे तो टेन्शन. भाषाशुद्धीवाल्यांना तो खटकतो. पण त्याचे कुळ पाहिले तर तो परका नाही. लॅटिनमधला ताणण्याचा धातू आणि संस्कृतमधला ‘तन्’ एकाच मुळाचे. म्हणजे टेन्शन आणि ताण हे फार जुने चुलतभाऊ. खरी गंमत मराठीने त्याचे केलेले हाल पाहण्यात आहे. इंग्रजीत माणूस स्वतः ‘टेन्स’ होतो. मराठीत टेन्शन येते, टेन्शन देतात, टेन्शन घेतात, टेन्शन नको म्हणतात, दुसऱ्याच्या डोक्याला लावून मोकळे होतात. तारांबळीसारखे तेही माणसाच्या बाहेरचे, हातातून हातात जाणारे झाले. फक्त ते उडत नाही, बसते. म्हणून पावसाने पळापळ झाली, की अजून कुणी टेन्शन उडाले म्हणत नाही. तिथे जुनीच बाई लागते. वाट पाहण्याच्या, पैशाच्या, निकालाच्या जागा मात्र टेन्शनने पुऱ्या घेतल्या आहेत.

गळीत हंगाम ऐन भरात येतो. ऊस वाळत चाललेला असतो, वजन घटत असते, कारखान्याची चिठ्ठी आलेली असते, पण तोडणीची टोळी शेजारच्या गावातच अडकलेली असते. बांधावर उभा राहून शेतकरी मुकादमाला फोन लावतो. पहिल्यांदा उचलत नाही, दुसऱ्यांदा कट होतो. तिसऱ्यांदा पलीकडून ट्रॅक्टरच्या आवाजातून उत्तर येते, “पाटील, टेन्शन घेऊ नका, परवा पाठवतो.” पाटलांनी ते दिवाळीतच घेतलेले असते.